आरोग्य विचारणा : उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत रोगांविषयीच्या शंकांपेक्षा सरकारी आरोग्यव्यवस्थेविषयीचे प्रश्न अधिक आहेत. गावात उपकेंद्र आहे, पण तेथे काय मिळते हे ठाऊक नाही. औषध मिळाले नाही, पण दाद कोणाकडे मागावी हे कोणी सांगत नाही, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. त्यांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे आई-वडील पाटण तालुक्यातील (जि. सातारा) एका डोंगरी गावात राहतात. वडील ७३ वर्षांचे असून त्यांना रक्तदाब व मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात. आम्ही भावंडे पुण्यात नोकरीला आहोत. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी वडिलांना एस.टी.ने कराड गाठावे लागते. गावात आशाताई येतात, पण ‘त्या फक्त बाळंतिणींसाठी असतात,’ असे वडील म्हणतात. जवळपास काही सोय होऊ शकेल का?

उत्तर : आपल्या वडिलांचा समज वीस वर्षांपूर्वी बराचसा बरोबर ठरला असता. उपकेंद्र म्हणजे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि कुटुंबनियोजन असेच त्या काळी समीकरण होते. आता उपकेंद्रांचे रूपांतर ‘आयुष्मान आरोग्य मंदिरा’त झाले असून तेथे आरोग्यसेविका व आरोग्यसेवक यांच्या जोडीला समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले असतात. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक गावकऱ्याचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासणे आणि तोंडाच्या, स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणी करणे हे त्यांचे नेमून दिलेले काम आहे. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष असल्यामुळे आपल्या गावाला लागू असलेले उपकेंद्र गावात नसले तरी शेजारच्या गावात असेल.

वडिलांना कराडच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एकदा उपकेंद्रात आणि तेथून आवश्यक तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आणावे. निदान आधीच झालेले असल्याने त्यांची नोंद असंसर्गजन्य आजारांच्या यादीत होईल. अम्लोडिपिन किंवा मेटफॉर्मिन यांसारखी नेहमीची औषधे त्यांच्या चिठ्ठीत असतील, तर ती सहसा महिनाभराच्या हिशेबाने उपकेंद्रातूनच मिळू शकतात. एखादे औषध तेथील यादीत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी त्याला पर्याय देता येईल का ते पाहतील. मात्र ‘इथे मिळते तीच गोळी घ्या’ असे परस्पर ठरवून डोस बदलू देऊ नये. बदल डॉक्टरांनीच करावा आणि तो चिठ्ठीवर लिहून घ्यावा. समुदाय आरोग्य अधिकारी ‘ई-संजीवनी’ या शासनाच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून वरच्या केंद्रातील डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलणे करून देऊ शकतात. डोंगरात मोबाइलची रेंज हा प्रश्न असतोच, त्यामुळे ही सोय हमखास मिळेल असे धरून चालू नये.

पुण्यातून आपल्याला करता येण्याजोगे सर्वांत उपयोगी काम म्हणजे आशाताईंचा आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये असणे व त्यांच्याकडे आपला असणे. वडील चार दिवस औषध घ्यायचे विसरले, हे शेजाऱ्यांच्या आधी आशाताईंना कळते. रक्तदाबाचे दुखणे असे, की तो वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही आणि म्हणूनच ‘आता बरे वाटतेय’ म्हणून गोळी बंद केली जाते. वडिलांच्या बाबतीत लक्ष ठेवायचे ते याच गोष्टीवर.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारे ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले आहे. त्यासाठी आधार कार्डावरून ओळख पटवावी लागते. हे कार्ड आजच काढून ठेवावे, आजारपणाच्या धावपळीत काढायला जाऊ नये. मात्र त्यात दाखल होऊन घ्यावयाचे उपचार येतात, महिन्याच्या गोळ्या नव्हेत. अनेक कुटुंबे या बाबतीत फसगत झाल्यासारखी नाराज होतात, म्हणून मुद्दाम लिहिले. आईच्या गुडघ्यांसाठी प्रथम वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत घ्यावे. व्यायाम शिकवणारा भौतिकोपचारतज्ज्ञ गावपातळीवर मिळत नाही, त्यासाठी जिल्हा रुग्णालयापर्यंत एक-दोन खेपा कराव्या लागतील.

प्रश्न : आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘औषध संपले, बाहेरून आणा’ असे वारंवार सांगतात. मी जिल्हा शल्यचिकित्सकांना दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. सरकारी दवाखाने असेच चालणार का? (जि. अहिल्यानगर)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, पण ती चुकीच्या टेबलावर गेली आहे. ग्रामीण महाराष्ट्रात सरकारी आरोग्यसेवेची दोन स्वतंत्र घरे आहेत. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. त्यांचे तालुक्याचे प्रमुख तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्ह्याचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली असतात. एका घरची तक्रार दुसऱ्या घरी गेली की ती पुढे पाठवली जाईलच याची खात्री नसते. शहरात तिसराच कारभार असतो, तेथे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावे लागते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये केसपेपरपासून तपासण्या व औषधांपर्यंतच्या सेवा निःशुल्क केलेल्या आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयाच्या कक्षेत नाहीत. तेव्हा आपल्या केंद्रात औषध ‘बाहेरून आणा’ म्हटले गेल्यास त्या औषधाचे नाव, तारीख आणि रुग्णाचा केसपेपर क्रमांक लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी आणि आठवडाभरात काही न घडल्यास ती प्रत जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावे. तोंडी भांडणाने औषधनिर्माण अधिकारी आणि आपण दोघेही तापतो, पण साठ्याच्या नोंदवहीत काही उमटत नाही. लेखी अर्जाने ते उमटते, आणि पुढच्या मागणीपत्रात त्या औषधाचे प्रमाण वाढवायला खुद्द डॉक्टरांनाही त्याचा आधार होतो. पुष्कळदा टंचाई त्यांच्या हातातली नसते, खरेदी वरूनच रखडलेली असते. त्यांना आपल्या तक्रारीची अडचण वाटत नाही, उलट ती हवी असते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझा धाकटा दीर कापूस व सोयाबीन पिकवतो. सलग दोन हंगाम हातचे गेल्यापासून तो कोणाशी बोलत नाही, रात्री ओसरीवर बसून असतो. परवा त्याने सावकाराचा व सोसायटीचा सगळा हिशेब वहीत लिहून ती वही माझ्या यजमानांच्या हाती दिली. घरातले म्हणतात, मनाच्या डॉक्टरकडे नेले तर गावात बोभाटा होईल. मला भीती वाटते. काय करावे? (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, आपली भीती बरोबर आहे, आणि हे उत्तर छापून हाती येण्याची वाट पाहू नये म्हणून आपल्याला पत्राने वेगळे कळवले आहे. इतर वाचकांसाठी येथे सविस्तर लिहितो.

हिशेब पुरा करून दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, आवडती वस्तू किंवा जनावर कोणाला देऊन टाकणे, ‘माझ्यामागे पोरांचे बघा’ असे बोलणे या गोष्टी साध्या निराशेच्या पलीकडच्या असतात. अशा वेळी घरातल्या ज्या माणसावर त्याचा जीव आहे, त्याने त्याला एकीकडे घेऊन सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ते मनात भरते हा समज खोटा आहे. बहुतेकांना कोणी तरी विचारल्याने सुटल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी असेल किंवा तो उत्तर टाळत असेल, तर त्याला एकटे ठेवू नये. फवारणीची औषधे त्याच दिवशी घरातून व गोठ्यातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवावीत. असा विचार अनेकदा काही तासांच्या आवेगात कृतीत उतरतो आणि त्या तासांत विष हाताशी नसणे हाच फार मोठा आधार असतो.

‘टेली-मानस’ या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. रुग्ण स्वतः बोलायला तयार नसेल, तर घरच्यांनीही तेथे सल्ला मागावा. आपल्या जिल्ह्यासह राज्यातील चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ हा शेतकरी समुपदेशनाचा कार्यक्रम २०१५ पासून राबवण्यात आला. त्यात आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन तणावाखालील व्यक्ती ओळखाव्यात आणि त्यांना जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवावे अशी रचना आहे. आपल्या आशाताईंना विश्वासात घ्यावे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण म्हणून तपासणी होते. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयात नेऊन ठेवण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. बोभाट्याची धास्ती असलेल्या घरांच्या मनात तेच चित्र असते, म्हणून हे यजमानांना स्पष्ट सांगावे. हवे तर ‘झोपेच्या तक्रारीसाठी दाखवायला नेतो’ असे गावात सांगावे. ते खोटेही ठरणार नाही, कारण झोप उडणे हे नैराश्याचे एक मुख्य लक्षण आहे. गोळ्या सुरू झाल्यास त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढ्या काळात ‘फरक नाही’ म्हणून त्या थांबवू नयेत आणि घरच्यांचा पहारा सैल पडू देऊ नये.

विष घेतल्याची घटना घडलीच, तर पोलीस प्रकरणाच्या भीतीने पुष्कळ कुटुंबे रुग्णाला लपवून ठेवतात आणि मोलाचा वेळ जातो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, मानले जाते आणि तिला त्याबद्दल शिक्षा करता येत नाही. उलट तिची काळजी घेणे ही शासनाची जबाबदारी ठरवलेली आहे. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये आणि औषधाची बाटली किंवा पुडा बरोबर न्यावा. कोणते रसायन पोटात गेले आहे हे कळल्यावर डॉक्टरांचा उपचार नेमका होतो.

कर्जाविषयी आपण काही विचारलेले नाही, तरी एक लिहितो. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, आणि ‘मन खंबीर ठेव’ एवढेच सांगणारा माणूस कर्जबाजारी शेतकऱ्याला शत्रूसारखा वाटू शकतो. ती हिशेबाची वही घेऊन यजमानांनी सोसायटीच्या सचिवांकडे व बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारावे आणि हे काम आपण अंगावर घेतले आहे, हे दिराला कळू द्यावे.

प्रश्न : कुत्र्याने मुलाच्या पोटरीला चावा घेतला. शेजारच्या आजींनी चुना व हळद लावली. कुत्रे पाळीव आहे, दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवून मग लस घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, चुना-हळद-मिरची काहीही लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीचा पहिला डोस द्यावा. कुत्र्यावर लक्ष जरूर ठेवावे, परंतु लस सुरू करून. कातडी फाटून रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शन द्यावे लागते. ते छोट्या केंद्रात नसल्यास ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते आणि तेथे जाणे टाळू नये. राहिलेल्या डोसांच्या तारखा कार्डावर लिहून घ्याव्यात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणताही रुग्ण वाचत नाही.

प्रश्न : वडील यंत्रमागावर काम करतात. खाजगी डॉक्टरांनी क्षयरोग सांगितला आहे. त्यांच्याकडेच उपचार चालू ठेवायचे असतील तर सरकारी मदत मिळते का? आणि घरात दोन लहान मुले आहेत. (इचलकरंजी)

उत्तर : मिळते. खाजगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. ती ‘निक्षय’ प्रणालीत झाली आहे ना, हे त्यांना विचारावे. नोंद झालेल्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा १,००० रुपये उपचार संपेपर्यंत बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. सरकारी औषधे खाजगी डॉक्टरांच्या देखरेखीखालीही मोफत घेता येतात, त्यामुळे डॉक्टर बदलण्याची सक्ती नाही. औषधांना दाद न देणारे जंतू आहेत का, हे सांगणारी थुंकीची आधुनिक चाचणीही सरकारी केंद्रात विनाशुल्क होते. ती अद्याप झाली नसल्यास करून घ्यावी, कारण साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असला तरी औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा उपचार निराळा असतो.

मुलांविषयीची आपली काळजी महत्त्वाची आहे. फुप्फुसाचा क्षय असलेल्या रुग्णाच्या घरातील सर्वांची तपासणी करून, ज्यांना क्षय झालेला नाही त्यांना प्रतिबंधक औषध देण्याची तरतूद आहे आणि पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती कधीही टाळू नये. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन ‘घरातल्यांची तपासणी करायची आहे’ एवढे सांगितले की पुरते. मागाच्या खात्यातील सहकाऱ्यांना आजार सांगायचा की नाही, हे वडिलांनी ठरवावे. पहिले काही आठवडे विश्रांती मिळाल्यास उत्तम, पण पीसरेटवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगणे किती सोपे आहे आणि पाळणे किती अवघड, याची कल्पना आहे.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका पाड्यावर आशा स्वयंसेविका आहे. बाळंतपणाला गाडी उशिरा आली, दवाखान्यात डॉक्टर नसले, औषध नसले, तरी लोक मलाच बोलतात. पावसाळ्यात ओढा भरला की गाडी पाड्यापर्यंत येतच नाही. माझी जबाबदारी नेमकी कुठपर्यंत आहे?

उत्तर : ताई, आपण व्यवस्थेचा सर्वांत जवळचा चेहरा आहात, म्हणून राग आपल्यावर निघतो, तो योग्य आहे असे मुळीच नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा हे पद निर्माण झाले, ते साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक स्त्री अशा कल्पनेने. गावच्या बाईला शिकवले तर ती आरोग्याचे काम उत्तम करू शकते, हे त्याच्या कितीतरी आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आणि पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले होते. फरक एवढाच, की तेथे तिच्या पाठीशी उभे राहणारे रुग्णालय होते आणि ते हाकेला येत असे. शासनाने कार्यकर्ती घेतली, पाठबळ मात्र अर्धेच घेतले, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला, पण मोबदल्यासाठी त्यांना संप करावे लागणे थांबले नाही.

नियमाप्रमाणे आपले काम माहिती देणे, नोंद ठेवणे, सोबत जाणे आणि वेळीच पुढे पाठवणे हे आहे. डॉक्टरांची हजेरी, औषधांचा साठा व वाहनाची वेळ यांची जबाबदारी आपली नाही. हे गावाला आपण एकटीने सांगितले तर सबब वाटेल, म्हणून ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीत ते आरोग्यसेविकेकडून सांगवावे आणि इतिवृत्तात लिहून घ्यावे. या समितीची बैठक दरमहा व्हावयाची असते. तिच्याकडे गावासाठी वर्षाला साधारण १०,००० रुपयांपर्यंतचा मुक्त निधी येतो आणि एखाद्या गरीब रुग्णाला तातडीने हलवण्याचा खर्च त्यातून करता येतो. बऱ्याच गावांत ही समिती केवळ कागदावर असते आणि सरपंचांनाही आपण तिच्यात आहोत हे माहीत नसते. आपल्याच जिल्ह्यात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. त्यात गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा दिला आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते तक्ते मांडले. त्या काळातली जाणती माणसे आसपासच्या पाड्यांवर असतील, त्यांना बैठकीला बोलवावे.

ओढ्याचा प्रश्न मात्र बैठकीने सुटणारा नाही. त्यासाठी आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे, जेथे दूरच्या पाड्यावरची गरोदर स्त्री बाळंतपणाच्या तारखेच्या काही दिवस आधी सोबतीसह येऊन राहू शकते. आपल्या केंद्रात ते आहे का आणि चालू स्थितीत आहे का, याची चौकशी पावसाळ्यापूर्वी करावी. जून ते सप्टेंबर या काळात तारीख असलेल्या स्त्रियांची वेगळी यादी आरोग्यसेविकेला मे महिन्यातच द्यावी. सासूबाई पाठवायला तयार नसतात, असे आपल्यासारख्या अनेकजणी सांगतात. घरी राहिलेल्या लहान मुलांचे काय, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. सर्वांत धाकट्या मुलाला बरोबर नेता येते का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी विचारून मगच घरी बोलणी करावीत.